नखवाल्या काकू

काकूंच्या उजव्या अंगठ्याचं नख लांब होतं. बाकीची सगळी नखं मुळापर्यंत कापलेली आणि हे एकच वाढवलेलं. जाड, कडेनं पिवळसर, पुढून कानशीनं घासून सरळ केलेलं. त्याला रंग कधी लागला नाही. कुठं दगड दिसला की ते नख पुढं यायचं. नव्या बांधकामाबाहेर पडलेला फरशीचा तुकडा असो, कुंडीत पसरलेले पांढरे खडे असोत, नाहीतर कुणी यात्रेहून आणलेली दगडी डबी असो, काकू ती वस्तू उलटी करायच्या, न दिसणाऱ्या बाजूला हळूच नख ओढायच्या आणि निकाल द्यायच्या. "लागलं." किंवा, "नाही लागलं." एवढंच.

इंदूर शहराच्या जुनी इंदूर भागातल्या आमच्या गल्लीत पोरं त्यांना नखवाली आंटी म्हणत आणि मोठी माणसं नखवाल्या काकू. काकूंना दोन्ही नावं माहीत होती. "ठीक आहे ना," त्या म्हणायच्या, "कोपऱ्यावरच्या बाईंना सगळे भांडकुदळ काकू म्हणतात. त्यापेक्षा नख बरं." त्यांचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं ते हॉस्पिटलच्या पलंगाला लावलेल्या कार्डावरून. त्यांच्याविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. पण आमच्याकडे दर गुरुवारी जे घडतं ते त्यांच्यामुळे घडतं, आणि पुढच्या पोरांना ते पहिल्यापासून तसंच होतं असं वाटेल. म्हणून लिहिते.

आमची ओळख आईच्या शिलाई मशीनपाशी झाली. आई घरी ब्लाउज शिवते, बाबा शाळेची व्हॅन चालवतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मी तेव्हा बारावीला होते. काकू ब्लाउज टाकायला आल्या होत्या. आईनं कापडावर माप आखायला खडू उचलला.

"रुका, रुका! बघू तो." काकूंनी खडू घेतला, कडेला नख ओढलं. "लागलं. सेलखडी आहे. आजकाल मेणाचे देतात."

"काय काकू, शिंप्याचा खडू तर आहे," आई म्हणाली.

"पुस्तकात याला शंखजिरं म्हणतात. याचीच पावडर बाळाच्या अंगाला लावतो आपण. गोळ्यांमध्ये जाते, रंगात जाते, फुग्याच्या आत असते. याच दगडात कर्नाटकात मोठी मोठी मंदिरं कोरलीत. आणि तुम्ही त्यानं माझी बाही आखून राहिलात!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "काय शिकतेस गं?"

"बारावी सायन्स."

"पुढं?"

"बघू," मी म्हणाले.

"काय बघू? बघायचं असलं की माणूस वर बघतो. तू फरशीकडे बघून बघू म्हणतेस."

तेव्हापासून माझ्या 'बघू'वर त्यांचा पहारा बसला. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करायचं हे माझं मी ठरवलं असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही. पण फॉर्म भरायच्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात चप्पल घालून उभ्या होत्या, हेही खरं आहे.

त्या स्वतः जुन्या काळच्या बीएस्सी. सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या संस्थानच्या कचेरीत, नंतर सरकारी कचेऱ्यांत. नवरा बँकेत. घरातली बाई नोकरी करते याचं कुणाला फारसं वाटलं नाही, पण ती कारखान्यात जाते याचं वाटलं. शहराबाहेर एका पावडरच्या कारखान्यात काकू केमिस्ट होत्या. राजस्थानातून ट्रकनं दगड यायचा आणि डब्यांतून पावडर जायची. मधे काकू. परीक्षानळीत चिमूटभर पावडर, वर सौम्य ॲसिड. शुद्ध शंखजिरं गप्प बसतं. फेस आला, बुडबुडे उठले, की त्यात चुनखडी मिसळलेली.

एकदा एका मोठ्या मालाला फेस आला. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, थोडासा फेस आला तो क्या हुआ? चुना काय विष आहे?"

"विष नाही सर. पण डब्यावर चुना लिहा, मी आत्ता सही करते."

सही झाली नाही, पोती परत गेली. काही दिवसांनी काकूंची रवानगी गोदामात झाली. ही हकिकत सांगताना त्या हमखास हसायच्या. "त्यांना वाटलं लॅब काढून घेतली की ही बाई गप्प. अरे, गोदामात तर दगडच दगड. मी नख घेऊनच गेले."

पहिल्या वर्षाला माझी फार ओढाताण झाली. कॉलेज शहराबाहेर, राऊ गावाच्या बाजूला, बसनं जाऊन येऊन जीव दमायचा आणि वर्गात सगळं इंग्रजीत. खनिजांची रचना शिकवत होते त्या आठवड्यात मला एकही शब्द कळला नाही. 'टाल्क' म्हणजे आपलं शंखजिरं एवढं मात्र ओळखलं, म्हणून काकूंकडे गेले. त्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. वाळलेल्या पापडांची चळत त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"वरून ढकल."

मी ढकलली. चळत तिरकी झाली, वरचे पापड घसरले.

"एकतरी मोडला?"

"नाही."

"बस. झालं तुझं लेक्चर. खाली सिलिका, मधे मॅग्नेशियम, वर सिलिका, असा एक पापड. आतून एकदम पक्का. पण एका पापडाची दुसऱ्यावर पकड नाही, म्हणून चळत घसरते. म्हणून ते बोटाला गुळगुळीत लागतं आणि त्यात नख रुततं. कठीणपणाच्या मोजणीत सगळ्यात खालचा नंबर, एक. नख अडीचच्या आसपास, संगमरवर तीन. म्हणून संगमरवराला नख लागत नाही. तोरा मोठा त्याचा. पण त्याच्यावर लिंबू पिळ, बसला फेस काढत. शंखजिऱ्याला त्याच लिंबात वर्षभर बुडव, काही फरक नाही. भट्टीतसुद्धा टिकतं ते." त्यांनी चळत सरळ केली. "लोकांना वाटतं, मऊ म्हणजे कच्चं. मऊ असणं वेगळं आणि विरघळणं वेगळं, बेटा."

त्या दगडाबद्दल बोलत होत्या. निदान मला तेव्हा तसंच वाटलं.

त्यांच्या दिवाणखान्यात एक फोटो होता. कर्नाटकातल्या एका जुन्या देवळासमोर काका आणि काकू उभे. मागच्या भिंतीवर इतकं बारीक कोरीव काम की लाकूड वाटावं. काकूंची उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "खाणीतून निघतो तेव्हा तो दगड मऊ असतो, म्हणून तसं कोरता आलं. मग उघड्यावर राहून हळूहळू कडक होतो. मला माझा भरवसा नव्हता ना! म्हणून दिवसभर अंगठा मुठीत धरून फिरले. कुणी घडवलेल्या वस्तूला नख लावायचं नाही. फुटक्या कडेला, खालच्या बाजूला, ठीक आहे. पण चेहऱ्याला नाही." हा एक नियम त्या फार कडक पाळत.

आणि त्यांना खोकला होता. कोरडा, बारीक, बोलता बोलता मधेच येणारा. जिना चढल्या की कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि आपण कठड्याची संगमरवरी कडा बघतोय असं दाखवायच्या. इतकी वर्षं पावडरच्या धुरळ्यात काढल्यानं फुप्फुसं गेली असं डॉक्टर म्हणत. काकू एवढंच म्हणायच्या, "हातरुमाल बांधायचो आम्ही. तोही मोठे साहेब आले की." बंगळुरूचा मुलगा, श्रीकांतदादा, फोनवर रोज म्हणायचा, इकडे ये. काकू म्हणायच्या, "येते. एक काम राहिलंय."

ते काम म्हणजे दत्ताच्या पादुका.

आमच्या गल्लीच्या वळणावर दत्ताचं छोटं देऊळ आहे. आत पांढऱ्या संगमरवराच्या पादुका, म्हणजे दोन कोरलेली पावलं. गल्लीतल्याच नानांचे पूर्वज फौजेत होते, त्यांनी त्या करवून आणल्या. नाना विमा कचेरीतून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे, आवाजाचे मोठे. अभिषेक त्यांच्या घराण्याकडे. दर गुरुवारी दूध, दही, तूप, मध, साखर, आणि मग नानांचं स्वतःचं खास काम: मिठात बुडवलेल्या अर्ध्या लिंबानं पादुका घासून पांढऱ्याशुभ्र करायच्या. त्यांच्या वडिलांच्या वेळी ही पद्धत नव्हती. शहराचं नाव स्वच्छतेसाठी गाजायला लागलं तेव्हापासून नानांनी ती सुरू केली. "आपल्या शहरात रस्त्यावर कागद दिसत नाही," ते म्हणायचे, "आणि दत्ताच्या पायावर डाग?"

एका गुरुवारी काकू आणि मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसलो होतो. नाना लिंबू फिरवत होते. काकूंनी माझं मनगट धरलं. "ऐक."

मला आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. अगदी बारीक, तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यावर येतो तसा आवाज. बोटांच्या खाचांमध्ये पांढरा फेस धरला होता. नानांनी त्यावर पाणी ओतलं आणि फेस दिसेनासा झाला.

"नाना," काकू म्हणाल्या, "दत्ताची नखं गेली."

"काय म्हणता वहिनी?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा या प्रत्येक बोटावर नख कोरलेलं होतं. आता बघा. फक्त दोन्ही करंगळ्यांवर उरलंय. तुमचं लिंबू तिथवर पोचत नाही म्हणून."

नानांनी पाहिलं नाही. ते पुसत राहिले. "भक्तांच्या हातांनी झिजतात हो. आमचे आजोबा म्हणायचे, देव आपलं थोडं थोडं देत असतो. तुम्ही कारखान्यात पावडरी बघितल्या. देव वेगळा."

"देव वेगळा, मान्य. दगड तोच आहे."

त्या दिवशी नानांनी काकूंना प्रसाद सगळ्यात शेवटी दिला.

दुसऱ्या दिवसापासून काकू कामाला लागल्या. रस्त्यावर नावाच्या पाट्या कोरणारा एक कारागीर बसतो. त्याच्याकडून त्यांनी संगमरवराच्या आणि सेलखडीच्या तुकड्यावर एकसारखं पाऊल कोरून घेतलं, सगळ्या नखांसकट. दोन्ही तुकडे व्हरांड्यात शेजारी शेजारी ठेवले. दर गुरुवारी दोन्हींना दही, दोन्हींना लिंबू. खोकल्यामुळे त्यांना घासवत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एकदा मी संगमरवरावर जरा जोर लावला. काकूंनी माझ्या हातातून लिंबू काढून घेतलं.

"नाना घासतात तेवढंच. आपल्याला जिंकायचं नाहीये. बघायचं आहे."

"काकू, तुम्हीच म्हणता बघू म्हणायचं नाही."

"बघू म्हणणं वेगळं आणि बघणं वेगळं. घास."

त्याच सुमारास त्यांनी कारखान्याच्या जुन्या ओळखीतून सेलखडीचा एक मोठा ठोकळा मागवला. करडा, हिरवट झाक असलेला. तो व्हरांड्यात आला आणि काकू त्यावर बसून चहा प्यायला लागल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "दत्ताचा आहे. तोवर मी बसते."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. संगमरवरावरच्या पावलाची नखं आधी बोथट झाली, मग बोटांमधल्या रेघा भरल्यासारख्या दिसू लागल्या, आणि वरची चकाकी जाऊन दगड खडबडीत झाला. सेलखडीचं पाऊल पहिल्या दिवशी होतं तसंच होतं. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या तयारीसाठी रविवारी सकाळी देवळात बैठक होती. काकूंनी दोन्ही तुकडे पिशवीत घातले. जयंतीला नाना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दही आणि लिंबं वापरतात. काकूंना त्याआधी बोलायचं होतं.

बैठकीला गल्लीतली माणसं होती, आई होती, आणि नानांचा पुतण्या पप्पू, म्हणजे सगळ्यांचा पप्पू भिया, जो देवळाचं लाइटिंग आणि माईक बघतो. काकूंनी तुकडे सतरंजीवर मांडले.

"क्या काकू," पप्पू भिया म्हणाला, "देवाची लॅब करून टाकली तुम्ही तर!"

लोक हसले. काकूंनी बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि खोकला आला. पाणी दिलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खोकला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही सांगेल."

मला हे माहीत नव्हतं. मी कधी चार माणसांत बोललेली नव्हते. उभी राहिले आणि काहीतरी पुटपुटले.

"जोरात, जोरात! माईक लावू का?" पप्पू भिया.

मी सांगितलं. संगमरवर म्हणजे काय, आंबटानं त्याचं काय होतं, तो फेस कशाचा. शेवटी म्हणाले, "म्हणजे नाना, दर गुरुवारी पादुकांचा थोडा भाग विरघळतो, आणि पंचामृतात जातो."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि ते पंचामृत आम्ही तीर्थ म्हणून पितो. म्हणजे दत्त आमच्या पोटात गेला. यात वाईट काय, पोरी?"

सगळं देऊळ हसलं. आईसुद्धा. मी खाली बसायला लागले. तेवढ्यात पाठीला काहीतरी टोचलं. काकू माझ्या मागेच बसल्या होत्या. त्यांनी अंगठ्याचं नख लावलं होतं.

मी पुन्हा सरळ उभी राहिले. "वाईट नाही नाना. तुमच्या पोटात गेला, माझ्या आईच्या पोटात गेला, माझ्याही. पण पप्पू भियाची गुड्डी आता कुठं चालायला लागली आहे. ती आमच्याएवढी होईल तेव्हा तिनं डोकं कशावर ठेवायचं? सपाट दगडावर?"

हसू थांबलं. पप्पू भियानं माईकची वायर उगाचच गुंडाळायला घेतली.

"मोठ्या देवळांत अभिषेकाला वेगळी मूर्ती असते," मी म्हणाले. "आपणही तसंच करू. दुसऱ्या पादुका, सेलखडीच्या. त्यांना दही घाला, लिंबू लावा, काही होत नाही. हे बघा. आणि या जुन्यांना फक्त पाणी आणि फुलं."

नानांनी दोन्ही तुकडे मांडीवर घेतले. बराच वेळ संगमरवरावरच्या पावलाकडे पाहत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या वडिलांनी माझा हात धरून त्या नखांवर गंध लावायला शिकवलं होतं. एकेका नखावर एकेक ठिपका. मी आंधळा नाही, वहिनी. मला वाटलं, माझीच नजर गेली." मग त्यांनी विचारलं, "आणि माझ्या हातांनी मग काय करायचं?"

"अभिषेक तुमच्याच हातांनी होईल," काकू कशाबशा म्हणाल्या. "हात कुणी मागत नाहीये."

नानांनी सेलखडीवर बोट फिरवलं. "साबणासारखं लागतंय हे." तुकडे खाली ठेवले. "बघू."

परतताना मी रडकुंडीला आले होते. एवढं करून 'बघू'? काकू दर दहा पावलांवर थांबत होत्या, श्वास घेत होत्या, आणि चेहऱ्यावर हसू होतं. "तू फरशीकडे बघून म्हणायचीस. ते दगडाकडे बघून म्हणाले. फरक असतो."

दत्तजयंतीला नानांनी जुन्याच पादुकांवर अभिषेक केला. दूध घातलं, दही घातलं. मग त्यांचा हात सवयीनं ताटाकडे गेला आणि तसाच थांबला. ताटात लिंबू नव्हतं. त्यांनी ते ठेवूच दिलं नव्हतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

थंडी वाढली तशा काकू हॉस्पिटलात गेल्या. तोंडावर मास्क, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. मास्क सारखा करताना गालावर ओरखडा आला म्हणून नर्सनं ते नख कापलं होतं. मला बघून काकूंनी अंगठा वर केला आणि डोळ्यांनीच म्हणाल्या, बघ काय केलं. त्या नखाशिवाय त्यांचा हात मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

नाना भेटायला आले तेव्हा मी तिथंच होते. स्टुलावर बसले, मिशीवरून हात फिरवला, हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "वहिनी, तो ठोकळा. तुमच्या व्हरांड्यातला. तो खरंच आहे ना तसाच? म्हणजे, कच्चा नाही ना निघायचा?"

काकूंना बोलता येत नव्हतं. त्यांनी नानांचा हात धरला, त्यांचा अंगठा पकडला आणि पलंगाच्या दांडीवरून ओढून दाखवला. मग माझ्याकडे बोट केलं. हिला घेऊन जा.

आम्ही रिक्षानं गल्लीत आलो. व्हरांड्यात ऊन पडलं होतं. ठोकळ्यावर काकूंचा चहाचा कप पालथा होता. नाना गुडघे धरत खाली बसले, ठोकळ्याच्या खालच्या कडेला अंगठ्याचं नख टेकवलं आणि ओढलं. पांढरी रेघ उमटली. त्यांनी बोटावरची पावडर नाकाशी नेली, अंगठ्यानं चोळली.

"लागलं," ते म्हणाले.

मग खिशातून लिंबू काढलं. ते लिंबू बरोबर घेऊनच आले होते! त्या रेघेवर पिळलं आणि कान जवळ नेला. माझ्यासारख्या परक्या पोरीसमोर, एवढा मोठा माणूस, दगडाला कान लावून बसला. बराच वेळ. मग उठले आणि हात पुसत म्हणाले, "गप्प आहे. पप्पूला म्हणावं टेम्पो आण, मूर्तिकाराकडे न्यायचाय."

काकूंना घरी सोडलं ते बंगळुरूला नेण्यासाठीच. श्रीकांतदादा आला होता, गाडीत ऑक्सिजनचं मशीन ठेवलं होतं. सगळी गल्ली जमली. आईनं शिवलेला ब्लाउज पिशवीत घालून दिला. काकूंनी काच खाली करून मला जवळ बोलावलं. एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाल्या, "मूर्तिकाराला सांग. नखं विसरू नकोस."

"सांगते."

"आणि तू? बीएस्सी झाली की?"

"एमएस्सी करणार. दगडांचंच."

"बघू म्हणाली नाहीस," त्या म्हणाल्या, आणि काच वर केली.

मूर्तिकारानं पादुका पूर्ण केल्या त्या संध्याकाळी मी फोटो पाठवला. श्रीकांतदादानं कळवलं की काकूंनी स्क्रीनवर बोटांनी चित्र मोठं करून एकेक नख मोजलं. त्यानंतर आठवडाभरानं त्याचा फोन आला. मी बसमध्ये होते. राऊचा स्टॉप मागे पडला तरी मी उतरले नाही.

नव्या पादुकांच्या पहिल्या गुरुवारी देवळात एरवीपेक्षा जास्त माणसं होती. जुन्या पादुका मागच्या ओट्यावर, फुलांत. पुढच्या तबकात नव्या, करड्या, थोड्या हिरवट. त्यांच्याकडे बघून काही म्हातारी माणसं नाक मुरडत होती. नानांनी दूध घातलं, दही घातलं, मध, तूप, साखर घातली. मग अर्धं लिंबू घेतलं आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही पावलं सावकाश घासली. मी ऐकत होते. आवाज आला नाही.

पाण्यानं धुतल्यावर नानांनी गंध उगाळलं आणि दहाही नखांवर एकेक ठिपका लावला. एकही ठिपका चुकला नाही.

तीर्थ घ्यायला मी रांगेत उभी राहिले. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आता बरंच वाढलं आहे. नानांनी ते पाहिलं, पळी भरली आणि माझ्या तळहातावर नेहमीपेक्षा थोडं जास्तच तीर्थ सोडलं. मी ते प्यायले. गोड होतं, शेवटी किंचित आंबट. त्यात दगड नव्हता.